स्टिअरिंगची करकर

आमच्या गाडीच्या स्टिअरिंगची करकर पहिल्यांदा मला ऐकू आली. नवऱ्याला आली नाही, कारण त्याला ऐकूच कमी येतं. चाळीस वर्षं तो बोटीवर इंजिनाच्या बाजूला बसून सुकाणू धरत होता. त्या इंजिनाने त्याचे कान खाल्ले. त्याच्याशी बोलायचं तर समोर उभं राहून ओरडावं लागतं. पाठीमागून हाक मारली तर तो भिंतीसारखा बसून राहतो.

आमचा कोळीवाडा मालाडच्या पश्चिमेला, पार पाण्याच्या कडेला. गुडघे गेले तेव्हा नवऱ्याने समुद्र सोडला. बोटीतला आमचा हिस्सा त्याच्या भावाने घेतला आणि आम्ही एक जुनी व्हॅन घेतली. सकाळी धक्क्यावरून मासळी भरायची, मला मालाडच्या बाजारात सोडायचं, दुपारी आणायचं, हे काम त्याने धरलं. लग्नकार्याला सगळं घर त्याच गाडीतून जायचं, नाकाला पदर लावून. मुलगा अंधेरीला नोकरीला. त्याला वेळ नव्हता, म्हणून गाडी बापाची. पासष्टाव्या वर्षी तो गाडी शिकला आणि चांगली शिकला. आमच्या गल्ल्या अशा की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने उंबऱ्यावर चढावं. त्यातून तो व्हॅन काढायचा आणि कुणाच्या भिंतीचा चुना कधी गाडीला लागला नाही.

मी चौथीपर्यंत शिकले. गाडीतलं मला काही कळत नाही. पण कान चांगले आहेत. देवळाकडून उजवीकडे वळताना पायाखाली कुठेतरी कर्र व्हायचं, सुकलेला दोर कप्पीवरून ओढावा तसं.

"ऐकलंस?" मी ओरडून विचारलं. आम्ही दोघं एकाच गल्लीतली, लहानपणापासूनची. मी त्याला तूच म्हणते.

"काय?"

"आवाज. वळताना."

"आवाज मना नाय माहीत," तो म्हणाला. "पण अडकतंय. एका जागी अडकतंय, मग सुटतंय."

हे त्याने पहिल्या दिवशी सांगितलं. मी ते सोडून दिलं. ज्याला आवाज ऐकू येत नाही त्याला आवाजाचं काय कळणार, असं मला वाटलं.

मुलाने गाडी रस्त्यावरच्या मेकॅनिककडे नेली. तो पेट्रोल पंपाच्या मागे बसतो, आमच्या वाड्यातल्या सगळ्यांच्या गाड्या तोच बघतो. त्याने पुढचं चाक उचललं, हाताने हलवलं आणि चाक वळवणाऱ्या दांड्याचं टोक, टायरॉडचा एंड की काय, ते गेलं म्हणून बदललं. आठ दिवस आवाज गेला. नवव्या दिवशी देवळाकडे परत कर्र. दुसऱ्या खेपेला त्याने खालचे रबरी बुश बदलले, ग्रीस भरलं. चार दिवस बरे गेले. तिसऱ्या खेपेला आम्ही दोघंही बरोबर गेलो. मेकॅनिक वैतागला.

"चाचा कसे चालवतात बघितलंय काय?" तो माझ्या मुलाला म्हणाला. "गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवतात. किती वेळा सांगितलं. असं केलं तर कुठलापण पार्ट टिकेल काय? गाडीत काय नाय. चालवणाऱ्यात हाय."

ते खोटं नव्हतं. आमच्या गल्लीत गाडी उभ्याने फिरवल्याशिवाय वळतच नाही. नवरा बाजूलाच उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं, काय बोलतो म्हणून. मी ओरडून सांगितलं. तो म्हणाला, "त्याला सांग, एकाच जागी अडकतं. सगळीकडं नाय." मी सांगितलं. मेकॅनिक हसला आणि हात पुसायला लागला.

तेव्हापासून घरात ठरलं की दोष म्हाताऱ्याच्या हातात आहे. आधी मुलगा बोलला, मग सून, मग मी. मी सगळ्यात जास्त बोलले. रोज त्याच्या बाजूला मीच बसत होते ना. वळताना त्याचे खांदे ताठ व्हायचे, जोर लावताना मान पुढे यायची. मला वाटलं, ताकद संपली.

मग तो दिवस आला. दुपारी बाजारातून परत येत होतो. आमच्याकडे किनाऱ्यालगत बोंबील वाळत घालायच्या बांबूंच्या रांगा आहेत, त्यांच्या कडेने रस्ता वळतो. नवऱ्याने स्टिअरिंग डावीकडे घेतलं, कर्र झालं आणि गाडी वळलीच नाही. सरळ गेली. वेग नव्हता, माणूस धावेल एवढाच. पण बांबू आडवे झाले आणि त्यांच्या सावलीत बोंबील निवडत बसलेली आमची शेजारीण खाली सापडली. बांबू तिच्या पाठीवर पडले आणि पुढचं चाक तिच्या पावलावर चढलं.

ती ओरडली ते नवऱ्यालासुद्धा ऐकू आलं.

पावलाची तीन हाडं मोडली. ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. बाजारात आम्ही वीस वर्षं एका फळीवर बसलो. तिच्या गिऱ्हाइकाला मी हाक मारली तर ती माझी आई काढायची आणि तिच्या भावात मी कोलंबी दिली तर दोन दिवस बोलायची नाही. पण पाण्याची कळशी एकच होती. आता ती घरातल्या घरात भिंत धरून चालते. बाजार संपला तिचा.

आमच्यात असं काही झालं की जमातीची चार जाणती माणसं दोन्ही घरांना समोर बसवतात. पोलिसाकडे कोण जात नाही. देवळासमोर चटया टाकल्या. तिचे मुलगे एका बाजूला, आम्ही एका बाजूला. जाणत्यांपैकी एकाने नवऱ्याला मोठ्याने विचारलं, "गाडीत आवाज येत होता, बरोबर? मेकॅनिकनं सांगितलं होतं, बरोबर?"

"आवाज मना माहीत नाय," नवरा म्हणाला. "अडकलं. फिरवलं तर फिरलं नाय."

तिच्या थोरल्या मुलाने म्हटलं, "ब्रेक तरी मारायचा ना! तोपण अडकला काय?"

"ब्रेक मारला," नवरा म्हणाला. खरं होतं. वाळूवर चाकं घसरली. पण त्याचं कोण ऐकतंय. दोन-चार जण हसले. त्याला हसू ऐकू आलं नाही, दिसलं.

मग मी उठले. मला वाटलं लवकर संपवावं. मी म्हणाले, "त्याचे हात चालत नाहीत आता. आम्ही घरात कधीचं बघतोय. मीच गाडी त्याच्या हातात ठेवायला नको होती. यापुढे तो गाडी चालवणार नाही, माझ्या तोंडचा शब्द." जाणत्यांना तेच हवं होतं. दवाखान्याचं सगळं आम्ही करायचं ठरलं, हात जोडले, चटया गुंडाळल्या.

नवऱ्याला मी काय बोलले ते ऐकू गेलं नव्हतं. घरी आल्यावर त्याने विचारलं. मी समोर उभी राहून ओरडून सांगितलं. शेजारच्या चार घरांनीही ऐकलं असेल. त्याने खिशातून चावी काढून ओट्यावर ठेवली. मी ती माझ्या पैशाच्या बटव्यात टाकली आणि बटवा कंबरेला खोचला.

तो धक्क्यावर जायचा बंद झाला. तिथे गेलं की कोण ना कोण विचारणारच. आधी सकाळी उठून दाढी करायचा, तीही आठवड्यातून एकदा करायला लागला. दारात खुर्ची टाकून बसायचा. जाळी विणायला घे, म्हटलं. दोन दिवस विणली, मग सुई हातातून पडते म्हणाला. मी म्हटलं, बघ, मी सांगत नव्हते? खरंच म्हटलं. लपवण्यात अर्थ नाही.

गाडी आता मुलगा नोकरीला जायच्या आधी चालवायचा. त्यामुळे मला बाजारात उजाडायच्या आधीच जाऊन बसावं लागायचं आणि येताना टोपल्या घेऊन रिक्षावाल्यांच्या पाया पडावं लागायचं. मासळीचं पाणी सांडतं म्हणून कोण घेत नाही. करकर चालूच होती. मुलाला ऐकू यायची. पण तो जवान, जोर लावून फिरवायचा आणि कानात गाणी लावायचा.

सात महिने असे गेले. मग एके दिवशी मुलगा मला सोडून परत येताना रस्त्यात शाळेची मुलं भरलेली रिक्षा समोर आली. त्याने स्टिअरिंग झटकन फिरवलं आणि ते मध्येच थांबलं. दोन्ही हातांनी ओढलं तेव्हा सुटलं. रिक्षाला लागलं नाही, पण थोडक्यात वाचली. तो कामावर गेलाच नाही. बाजारात माझ्या फळीसमोर येऊन उभा राहिला. मला वाटलं कोण मेलं.

"आये," तो म्हणाला, "अडकलं."

बापाचाच शब्द. त्याचं त्याला कळलं. मग तो माझ्या टोपलीवर बर्फ टाकत राहिला. बर्फ टाकायची गरज नव्हती.

त्या दिवशी आम्ही गाडी मालाड स्टेशनजवळच्या एका जुन्या मेकॅनिककडे नेली. रत्नागिरीकडचा माणूस, माझ्या वयाचा, एकटाच काम करतो. मी बरोबर गेले, कारण मुलाला त्या गाडीत एकटा सोडायची माझी हिंमत नव्हती. त्याने आधी काही उघडलं नाही. विचारलं, "आवाज येतो की अडकतं?"

मुलगा म्हणाला, "दोन्ही."

"आधी काय झालं?"

मुलाने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "मला आवाज आला. माझा नवरा म्हणाला, अडकतं."

"मग नवऱ्याला का नाय आणलंत?"

मी म्हटलं, "त्याला ऐकू येत नाही."

"मला त्याच्याशी गप्पा मारायच्या होत्या काय? त्याचे हात पायजे होते," तो म्हणाला. "आवाज लोखंडातून फिरतो मावशी. पुढं झालेला मागं ऐकू येतो. हाताला लागतं ते खोटं नसतं."

त्याने मुलाला सीटवर बसवलं, इंजिन बंद ठेवलं आणि स्टिअरिंग अगदी हळू फिरवायला सांगितलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. स्वतः गाडीखाली झोपला आणि एकेका सांध्यावर तळहात ठेवत गेला. "परत. हळू. परत." आधीच्या मेकॅनिकने बदललेले सगळे भाग त्याने सोडून दिले, ते ठीक होते. मग बाहेर आला, मुलाच्या पायाशी वाकला आणि पायाखालचं मॅट उचललं. खालचा रबरी पडदा बाजूला केला. स्टिअरिंगचा दांडा खाली जातो तिथे एक जोड असतो, दोन्हीकडे वाकणारा. त्याने त्यावर बोट ठेवलं. "फिरव." कर्र झालं. त्याचं बोट उडाल्यासारखं हललं.

"हा बघ," तो म्हणाला.

जोड काढायला अर्धा तास गेला, इतका तो गंजाने धरला होता. हातात घेऊन त्याने मला दाखवला. एका बाजूला तो सहज वाकत होता. दुसऱ्या बाजूला वाकतच नव्हता. "म्हणून एकाच जागी अडकतं," तो म्हणाला. "अर्धा फेरा मोकळा, अर्धा घट्ट. जोर लावला की सुटतो. एक दिवस सुटत नाय." जोडाच्या कडांवर पांढरं काहीतरी बसलं होतं. त्याने नखाने खरवडलं, जिभेला लावलं आणि थुंकला. "मीठ. गाडी समुद्रात बुडवली होती काय?"

मुलगा म्हणाला, "मासळी भरतो आम्ही. बर्फाचं पाणी गळत असेल."

"बर्फाचं पाणी मागं गळेल. हे पुढं आलंय, बादलीनं ओतल्यासारखं."

मला तेव्हाच कळलं. मी गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. पण मुलगा माझ्याकडे बघायला लागला होता.

"मी धुते," मी म्हणाले. "रोज दुपारी. समुद्राच्या पाण्याने."

मेकॅनिक आधी हसला. माझं तोंड बघून थांबला. "मावशी, ही लोखंडाची हाय. होडी नाय."

होडीच होती ना आमच्या डोक्यात. माझ्या बापाने मला सात वर्षांची असताना शिकवलं होतं की होडीला गोडं पाणी लावायचं नाही. गोडं पाणी लाकूड कुजवतं, खारं पाणी लाकूड राखतं. पावसाळ्यात होड्या वर ओढून शाकारतात त्या त्यासाठीच. लहानपणी मी एकदा आमच्या होडीत विहिरीची कळशी ओतली तर बापाने त्याच कळशीने मला मारलं. म्हणून गाडी घरात आली तशी मी ती होडीसारखी धुतली. समुद्रातून चार बादल्या आणायच्या, दारं उघडायची, पुढून ओतायचं आणि मागून खवल्यांसकट वाहून जाऊ द्यायचं. चार वर्षं. शेजारपाजारच्या बायका म्हणायच्या, हिची गाडी बघ कशी लख्ख. वाड्यात कुणी मला अडवलं नाही. अडवतील कशाला, त्यांना तरी कुठे माहीत होतं? नवऱ्याने एकदा म्हटलं होतं, नळाचं पाणी घे. मी म्हटलं, नळाचं पाणी प्यायला पुरत नाही.

दुसऱ्या दिवशी नवा जोड बसला. गाडी परत आणताना देवळाजवळ मुलाने मुद्दाम हळू वळण घेतलं. काही ऐकू आलं नाही.

मी आधी जमातीच्या जाणत्यांकडे गेले. म्हणाले, परत बसवा, मला सांगायचं आहे. जुना जोड पिशवीत घालून नेला होता. त्यांच्यातला मोठा म्हणाला, "बाय, मिटलंय ना? आता कशाला उकरतेस?" मी म्हटलं, त्याचं नाव खराब झालं. तो म्हणाला, "कुणाच्या लक्षात हाय आता?" सगळ्यांच्या लक्षात होतं. पण त्यांनी बसवलं नाही.

मग मी शेजारणीकडे गेले. ती दारात पाय लांब करून लसूण सोलत होती. मी जोड तिच्या पुढ्यात ठेवला आणि सगळं सांगितलं. खाऱ्या पाण्याचंही.

तिने तो उचलून बघितला, दोन्हीकडे वाकवून बघितला.

"म्हणजे पाय तू मोडलास माझा," ती म्हणाली.

"हो."

"आणि चार लोकांत उभी राहून नवऱ्याला पुढं केलंस."

"मला माहीत नव्हतं."

"तो सांगत होता की गो. मी खाली पडले होते तेव्हापण तो सांगत होता, अडकलं, अडकलं. मला ऐकू येत होतं." तिने जोड माझ्या हातात परत दिला. "बहिरा तो नाय. जा आता. माझा लसूण राहिलाय."

घरी येऊन मी बटव्यातून चावी काढली. नवरा खुर्चीत बसला होता. मी समोर उभी राहिले आणि ओरडून सगळं सांगितलं, जोड दाखवला. त्याने डोळे बारीक करून तो बघितला. मग अंगठ्याने दाबला. घट्ट बाजू अंगठ्याला लागली तशी त्याने मान हलवली, जुनी ओळख असल्यासारखी.

चावी घेऊन तो उठला. सात महिन्यांनी पहिल्यांदा गाडीत बसला. मी दारातून बघत होते. त्याने इंजिन चालू केलं नाही. दोन्ही हात ठेवून स्टिअरिंग हळू डावीकडे नेलं, मग उजवीकडे, मग मध्ये आणून थांबला. उतरला, दार लावलं आणि आत येऊन चावी खुंटीवर अडकवली.

"नाय अडकत आता," तो म्हणाला.

"मग उद्या मला सोडशील ना बाजारात?"

तो समजला नाही म्हणून मी परत ओरडले.

"माझे हात चालत नायत," तो म्हणाला.

टोमणा मारला असता तर मी भांडले असते. मला भांडता येतं. पण तो टोमणा नव्हता. पाऊस थांबला, भरती आली, असं सांगावं तसं त्याने ते सांगितलं. मी त्याच्या हातांकडे बघितलं. बोटं थरथरत होती. चावी काढून ओट्यावर ठेवली त्या दिवशी ती थरथरत होती का, ते मला आठवत नाही. मी तेव्हा चावीकडे बघत होते.

आता मी गाडी नळाच्या पाण्याने पुसते, अर्धी बादली, फडक्याने. चालवतो मुलगाच. उजाडायच्या आधी नवरा उठतो आणि टोपल्या गाडीत चढवून देतो, ते काम त्याने पुन्हा धरलं आहे. पण गाडी देवळाकडे वळायच्या आत तो घरात गेलेला असतो.